विंडोज ९८ वर ऑनलाइन व्हिडिओ: ६०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ३ वर काय शक्य आहे?

बेज_कॅबिनेट

मंडळी, आधी मशीनचा तपशील. पेंटियम ३, ६०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन. ग्राफिक्स कार्ड पीसीआय, ४ एमबीचं. डेस्कटॉप १०२४×७६८, ३२ बिट रंग, रिफ्रेश ८५ हर्ट्झ. लॅन कार्ड १०० एमबीपीएस, राउटरला केबलने जोडलेलं.

हवंय एवढंच, की इंटरनेटवरचे व्हिडिओ याच मशीनच्या सीआरटीवर (जुन्या काचेच्या मॉनिटरवर) पूर्ण स्क्रीन दिसावेत, अडखळू नयेत. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये बहुतेक साइट उघडतच नाहीत. फायरफॉक्स २.०.०.२० मध्येही सुरक्षित कनेक्शन जुळत नाही म्हणून पान येत नाही. मग नव्या लॅपटॉपवरून ६४०×३६० ची एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) एमपी४ फाइल इकडे कॉपी करून पाहिली. आवाज नीट येतो, पण चित्र दर दोन-तीन सेकंदांनी गोठतं आणि एकदम पुढे उडी मारतं.

प्रश्न असे: ब्राउझरमध्येच व्हिडिओ बघण्याचा काही मार्ग आहे का? अडखळण्याला प्रोसेसर जबाबदार की ग्राफिक्स कार्ड, हे नेमकं कसं ओळखायचं? आणि रोज वापरता येईल अशी पद्धत कोणती? कृपया एक्सपी टाकायला सांगू नका, ९८ च ठेवायचं आहे.

ओव्हरले

ब्राउझरचा नाद सोडा. तिथे एकामागे एक तीन भिंती आहेत आणि एक पाडली की पुढची समोर येते.

पहिली भिंत टीएलएसची, म्हणजे साइटशी कुलूपबंद कनेक्शन जोडण्याच्या पद्धतीची. आयई ६ आणि फायरफॉक्स २ टीएलएस १.० पर्यंतच जातात. १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, आज सर्व्हर किमान १.२ मागतात. भरीला मशीनमधली मूळ प्रमाणपत्रं मुदत संपलेली. रेट्रोझिलासारख्या ब्राउझरमध्ये टीएलएस १.२ आहे, त्यामुळे काही साधी पानं त्यात उघडतात. पण मग दुसरी भिंत: आजच्या व्हिडिओ साइटचं पान म्हणजे मुख्यतः जावास्क्रिप्टच, आणि त्या काळच्या इंजिनला आजचं व्याकरणच वाचता येत नाही. तिसरी भिंत व्हिडिओची. एचटीएमएल५ चा व्हिडिओ टॅग फायरफॉक्समध्ये ३.५ पासून, म्हणजे २००९ मध्ये आला. फायरफॉक्स २ ला तो टॅग माहीतच नाही. पूर्वी फ्लॅशवर भागायचं, पण फ्लॅशचा पाठिंबा २०२० च्या शेवटी बंद झाला आणि साइटनी ते प्लेअर काढून टाकले.

म्हणून कामाची वाटणी करायची. कुलूप उघडणं आणि कोडेक (व्हिडिओ दाबण्याची-उलगडण्याची पद्धत) बदलणं नव्या मशीनवर. जुन्या मशीनकडे तिला पेलेल अशी तयार फाइल द्यायची.

आता अडखळण्याचं निदान. अंदाज बांधू नका, मोजा. विंडोज ९८ वर चालणारं एमप्लेअर या व्हिडिओ प्लेअरचं जुनं, १.० आरसी काळातलं बिल्ड घ्या आणि कमांड लाइनवरून तीच फाइल दोनदा चालवा. दोन्ही वेळा बेंचमार्क, नोसाउंड आणि एंडपॉस ६० हे पर्याय द्यायचे, म्हणजे फाइलचा पहिला ६० सेकंदांचा भागच चालेल, पण जमेल तितक्या वेगाने. पहिल्या वेळी व्हिडिओ आउटपुट 'नल' ठेवा, दुसऱ्या वेळी 'डायरेक्टएक्स'. शेवटी एक ओळ छापली जाते. त्यात व्हीसी म्हणजे चित्र उलगडायला लागलेले सेकंद आणि व्हीओ म्हणजे ते पडद्यावर पोचवायला लागलेले सेकंद.

६० सेकंदांच्या तुकड्यासाठी दोन्हींची बेरीज ६० च्या वर गेली तर फाइल अडखळणारच. बेरीज ४५ च्या आत असेल तर निर्धास्त राहा. आवाज, डिस्क आणि मध्येच येणारं गुंतागुंतीचं दृश्य यांच्यासाठी तेवढी मोकळी जागा लागतेच. सरासरी ५५ आली तरी पाऊस, गर्दी, पाणी असल्या दृश्यांना मशीन मार खाते.

एच.२६४ बद्दल एक गोष्ट. त्यात चौकटींच्या कडा गुळगुळीत करणारा लूप फिल्टर प्रोसेसरचा मोठा हिस्सा खातो. एमप्लेअरमध्ये लावडीऑप्ट्सला स्किपलूपफिल्टर=ऑल दिलं की तो बंद होतो आणि वेग लक्षात येण्याइतका वाढतो. पण पुढच्या फ्रेम आधीच्या फ्रेमवर बेतलेल्या असल्यामुळे चूक साठत जाते. चित्र हळूहळू चिखलल्यासारखं होतं आणि पुढची की-फ्रेम (आधीच्या फ्रेमवर न बेतलेली पूर्ण फ्रेम) आली की झटक्यात साफ होतं. ६०० मेगाहर्ट्झवर ३६०पी तरीही काठावरच राहतं. या मशीनवर एच.२६४ चा हट्ट नको.

तुमच्यासाठी योग्य कोडेक म्हणजे एमपेग-४ ची साधी जात, जी डिवएक्स आणि एक्सव्हिड म्हणून ओळखली जायची. नव्या मशीनवर एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतराचा कमांड लाइन प्रोग्रॅम) घ्या आणि असं बनवा:

- व्हिडिओ कोडेक एमपेग४, व्हीटॅग एक्सव्हिड, म्हणजे जुने प्लेअर फाइल लगेच ओळखतात
- स्केल ५१२:२८८
- क्यूस्केल (दर्जाचा आकडा, लहान म्हणजे चांगला) ४. फाइल मोठी वाटली तर ५
- बी-फ्रेम ०, क्वार्टर पिक्सेल बंद (दोन्ही उलगडायला जड)
- की-फ्रेमचं अंतर १२५, म्हणजे २५ फ्रेमच्या गतीला दर ५ सेकंदांनी एक
- आवाज एमपी३, १२८ केबीपीएस, स्थिर बिटरेट
- फाइल एव्हीआय

५१२×२८८ का? कोडेक चित्राचे १६×१६ पिक्सेलचे ठोकळे पाडतो. ५१२ आणि २८८ दोन्हींना १६ ने पूर्ण भाग जातो. ३६० ला भागलं तर साडेबावीस येतात, म्हणजे खालची अर्धी रांग वाया जाते. शिवाय ६४०×३६० पेक्षा एकूण पिक्सेल ३६ टक्क्यांनी कमी. सीआरटीवर दोन हात दूर बसल्यावर हा फरक फार जाणवत नाही, चित्र सलग आहे की तुटक हे मात्र लगेच कळतं.

मूळ फाइल ३६०पी ची घेऊ नका. ७२०पी किंवा ४८०पी घेऊन लहान करा. आधीच दाबून बारीक केलेलं चित्र पुन्हा दाबलं की ठोकळे दुप्पट दिसतात. मोठ्यातून लहान केलं की ते पुसले जातात.

लॅनकेबल

वरचं सगळं पटलं. मी फाइल आणायची कशी आणि जुन्या मशीनपर्यंत पोचवायची कशी, तेवढं लिहितो.

व्हिडिओ उतरवण्यासाठी वायटी-डीएलपी हा प्रोग्रॅम नव्या मशीनवरच चालवायचं. त्याला हल्लीचं पायथन लागतं, आणि एक्सपीवर चालणारं शेवटचं पायथन ३.४ होतं, तेव्हा ९८ चा प्रश्नच नाही. मदतनीस मशीन रास्पबेरी पायसारखी छोटी असेल तर फॉरमॅट निवडताना एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४) मागा. नाहीतर एव्ही१ किंवा व्हीपी९ यांसारखं नवं, जड कोडेक गळ्यात पडतं आणि छोट्या बोर्डाचा वेळ ते उलगडण्यातच जातो. साइटच्या अटी मात्र पाहा. सगळीकडे उतरवून घेण्याची मुभा नसते. इंटरनेट आर्काइव्हवर सार्वजनिक मालकीचे असंख्य चित्रपट आणि माहितीपट थेट फाइल म्हणून मिळतात, सुरुवात तिथून करणं सगळ्यात सोपं.

आता पोचवणं. बहुतेकांचा हात आधी फोल्डर शेअर करण्याकडे जातो आणि तिथेच घोडं अडतं. फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतींपैकी विंडोज ९८ ला जुनी एसएमबी १ एवढीच येते. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये ते मुळात नसतं, लिनक्सवर तेच काम करणाऱ्या साम्बामध्ये ४.११ पासून ते बंद असतं. ते पुन्हा चालू करता येतं, पण करू नका. घरातल्या मुख्य मशीनला जुनं भोक पाडण्यापेक्षा साधा एचटीटीपी किंवा एफटीपी सर्व्हर बरा. ९८ मध्ये कमांड लाइनचं एफटीपी आयतं आहे.

एचटीटीपीसाठी पायथनचा अंगभूत एचटीटीपी.सर्व्हर एका ओळीत उभा राहतो, पण त्याला फाइलचा मधलाच तुकडा देता येत नाही. परिणाम असा, की व्हिडिओ पुढे-मागे सरकवता येत नाही. एमपी४ असेल तर आणखी वाईट: त्यातली सूची बऱ्याचदा फाइलच्या शेवटी असते, आणि शेवटचा तुकडा आधी मागता आला नाही तर प्लेअर सुरूच होत नाही. एमपी४ द्यायचीच असेल तर एफएफएमपेगला मूव्हफ्लॅग्समध्ये फास्टस्टार्ट द्या, सूची पुढे येते. कायमची सोय हवी तर लाइटटीपीडी किंवा एनजिनएक्स हा सर्व्हर लावा. दोन्ही मधला तुकडा देतात.

थेट प्रक्षेपण बघायचं असेल तर फाइल न बनवता प्रवाह पाठवता येतो. एफएफएमपेगचं आउटपुट एमपेग-टीएस, पत्ता यूडीपीवर जुन्या मशीनचा आयपी आणि पोर्ट १२३४, पॅकेट साइज १३१६ बाइट. हा आकडा १८८ बाइटच्या टीएस पॅकेटचे ७ तुकडे म्हणून. एका इथरनेट पॅकेटमध्ये ते तुटल्याशिवाय बसतात. इनपुट तयार फाइल असेल तर आधी आरई पर्याय द्यायला विसरू नका. नाहीतर एफएफएमपेग सगळी फाइल जमेल तितक्या वेगाने ओतून मोकळं होतं आणि समोरच्याला त्यातलं निम्मंही पकडता येत नाही.

सुरक्षिततेचं एकच पण महत्त्वाचं. ९८ ला आयपी हाताने द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. नेटवर्कच्या गुणधर्मांत टीसीपी/आयपीमधला गेटवेचा टॅब रिकामा ठेवा. गेटवे नसला की मशीनला घरातल्या नेटवर्कबाहेर जाताच येत नाही. आयपी आपोआप घ्यायला ठेवलात तर राउटर गेटवेही देऊन टाकतो, म्हणून हाताने.

ब्राउझरची आस असेलच तर नव्या मशीनवर वेबवन नावाचा प्रॉक्सी चालवता येतो. तो टीएलएस स्वतः सोडवतो आणि जुन्या ब्राउझरला साधं एचटीटीपी देतो, व्हिडिओ रूपांतरालाही एफएफएमपेग जोडता येतं. वाचायच्या पानांसाठी छान. व्हिडिओसाठी मला फाइलचीच पद्धत भरवशाची वाटते, कारण बिघडलं तर कुठे बिघडलं ते दिसतं.

सिनेपॅक

धागा पुढे कोणी शोधत आलं आणि त्यांचं मशीन याहून जुनं असलं, तर त्यांच्यासाठी.

पेंटियम एमएमएक्स १६६ ते पेंटियम २ च्या सुरुवातीपर्यंत: एमपेग-१. एफएफएमपेगमध्ये टार्गेटला पाल-व्हीसीडी दिलं की ३५२×२८८, २५ फ्रेम, चित्र ११५० केबीपीएस आणि आवाज २२४ केबीपीएस हे सगळं आपोआप लागतं. तासाला साधारण ६२० एमबी. १० एमबीपीएसचं जुनं लॅन कार्डही हे आरामात ओढतं. एमपेग प्रोग्रॅम स्ट्रीमला सूची लागतच नाही, त्यामुळे साध्यातल्या साध्या एचटीटीपी सर्व्हरवरूनही ते पहिल्या बाइटपासून चालू होतं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, रुंद चित्र जसंच्या तसं ३५२×२८८ मध्ये कोंबलं की माणसं लांबोडकी दिसतात. १६:९ साठी आधी स्केल ३५२:२१६, मग पॅड ३५२:२८८:०:३६. वर-खाली ३६ ओळींच्या काळ्या पट्ट्या येतात आणि प्रमाण बरोबर राहतं. दुसरी, मूळ व्हिडिओ ३० किंवा ६० फ्रेमचा असेल तर पाल निवडू नका. ३० मधून सेकंदाला ५ फ्रेम गळतात आणि कॅमेरा आडवा फिरताना धक्के बसतात. तिथे एनटीएससी-व्हीसीडी (सेकंदाला सुमारे ३० फ्रेमचं) घ्या, स्केल ३५२:१८०, पॅड ३५२:२४०:०:३०.

त्याहून जुन्या ४८६ प्रोसेसरवर एमपेग-१ सोडून द्या. त्या दर्जाच्या मशीनसाठी सिनेपॅक हा जुना कोडेक आहे. एफएफएमपेगमध्ये त्याचा एन्कोडर आहे, पण तो अतिशय संथ आहे, रात्रभर लावून ठेवावा. ३२०×२४० आणि १५ फ्रेमपासून सुरुवात करा. जमलं नाही तर १० फ्रेमवर या, आणि मगच आकार २४०×१८० करा. रुंदी-उंचीला ४ ने भाग गेला पाहिजे. आवाज ८ बिट, एकेरी, २२०५० हर्ट्झ, दाबलेला नको. तो सेकंदाला २२ केबी एवढाच होतो, आणि एमपी३ उलगडायचा तर ४८६ ची सगळी ताकद आवाजातच संपते. विंडोज ३.१ असेल तर व्हिडिओ फॉर विंडोज १.१ई आधी टाकावं लागतं.

एक वेगळा मार्गही आहे, मला स्वतःला तो फार आवडतो: रिअलमॅजिक हॉलिवूड प्लससारखं डीव्हीडी डिकोडर कार्ड. एमपेग-१ आणि एमपेग-२ कार्डवरची चिपच उलगडते, प्रोसेसरला फक्त डेटा ढकलायचा असतो. त्यामुळे पेंटियम १३३ च्या दर्जाच्या मशीनवरही पूर्ण ७२०×५७६ दिसतं. त्यासाठी टार्गेट पाल-डीव्हीडी. चित्र ६००० आणि आवाज ४४८ केबीपीएस, म्हणजे तासाला सुमारे २.९ जीबी. विंडोज ९८ च्या फॅट३२ डिस्क रचनेत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, तेव्हा सव्वा तासाच्या वरचं काही असेल तर तुकडे करा.

बेज_कॅबिनेट

मोजलं. ६४०×३६० ची मूळ एच.२६४ फाइल: व्हीसी ५२, व्हीओ ३१. स्किपलूपफिल्टर लावून व्हीसी ३९, व्हीओ ३१. एमपेग-४ मध्ये, पण आकार ६४०×३६० च ठेवून: व्हीसी १७, व्हीओ ३१.

व्हीओ सगळीकडे ३१ च. हे जास्त नाही का? शिवाय पूर्ण स्क्रीन केलं की एमपेग-४ सुद्धा अडखळतं. आणि एका फाइलमध्ये, फोनवर चित्रित झालेल्या, आवाज १० मिनिटांनी ओठांच्या पुढे पळतो.

ओव्हरले

३१ म्हणजे ओव्हरले मिळालेला नाही. कोडेक बदलला तरी आकडा हलत नाही, यावरूनच ते उघड आहे.

ओव्हरले चालू असला की कार्ड स्वतः रंगांचं रूपांतर करतं आणि चित्र ताणून पडदाभर करतं, प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. तो नसला की प्रत्येक पिक्सेल प्रोसेसर रंगवतो. पूर्ण स्क्रीनवर पिक्सेल वाढले म्हणून तिथे जास्त अडखळतं. खात्री करायची तर व्हिडिओ चालू असताना प्रिंट स्क्रीन दाबा आणि पेंटमध्ये चिकटवा. ओव्हरले असेल तर व्हिडिओच्या जागी सपाट काळा किंवा गुलाबी रंग दिसतो. तुमच्याकडे खरं चित्र दिसेल.

कारण ४ एमबीच्या हिशोबात आहे. १०२४×७६८ गुणिले ४ बाइट, बरोबर ३ एमबी डेस्कटॉपलाच गेले. ओव्हरलेला ६४०×३६० गुणिले २ बाइट म्हणजे ४५० केबीचा एक बफर (एका फ्रेमची जागा), आणि चित्र फाटू नये म्हणून ड्रायव्हर असे तीन मागतो: १३५० केबी. उरलेत १०२४. बसत नाही, ड्रायव्हर नकार देतो आणि प्लेअर काही न सांगता हळू मार्गावर जातो. ५१२×२८८ चे तीन बफर ८६४ केबी होतात. ते कागदावर बसतात, पण ८५ हर्ट्झला नुसता पडदा ताजा ठेवायलाच कार्डची मेमरी सेकंदाला २६७ एमबी वाचते. जुन्या कार्डात ओव्हरलेसाठी त्यातून वेळ उरेलच असं नाही.

म्हणून डेस्कटॉप १६ बिटवर आणा. मेमरी दीड एमबी, वाचन निम्मं. व्हिडिओच्या रंगांना धक्का लागत नाही, कारण ओव्हरले डेस्कटॉपच्या रंगसंख्येवर अवलंबून नसतो. रिफ्रेशही ७५ करून पाहा. व्हीओ एक आकडी व्हायला हवा.

त्याच वेळी डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्क ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये डीएमएच्या चौकटीत खूण आहे का बघा. नसेल तर टिक करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. डीएमएविना डिस्क वाचताना प्रोसेसर तिच्यातच गुंतून पडतो, आणि तो वेळ बेंचमार्कमध्ये व्हीसी किंवा व्हीओ म्हणून दिसतही नाही.

फोनवरच्या फाइलचं वेगळं आहे. फोन उजेड कमी झाला की फ्रेमचा वेग कमी करतो, म्हणजे वेग बदलता असतो. एव्हीआयमध्ये सगळ्या फाइलला एकच वेग लिहिता येतो, म्हणून जुळणी सरकत जाते. एफएफएमपेगला फिल्टरमध्ये एफपीएस २५ द्या, स्केलच्या आधी. गरजेप्रमाणे फ्रेम दुप्पट करून किंवा गाळून तो वेग समान करतो. एमपी३ स्थिर बिटरेटचाच आहे ना तेही तपासा, बदलत्या बिटरेटने एव्हीआयमध्ये हाच आजार होतो. फाइल पुन्हा बनवताना फोनवरच्या मूळ फाइलवरून बनवा. सरकलेल्या एव्हीआयवरून बनवलीत तर मूळ वेळा तिच्यात उरलेल्याच नसतात, दुरुस्त करायला काही हाती लागत नाही.

बेज_कॅबिनेट

१६ बिट, ७५ हर्ट्झ, ५१२×२८८: व्हीसी ११, व्हीओ ४. प्रिंट स्क्रीनमध्ये गुलाबी चौकोन आला. पूर्ण स्क्रीनवर सलग चालतंय. डीएमएची खूण नव्हती, तीही केली. फोनची फाइल एफपीएस २५ लावून मूळावरून नव्याने बनवायला टाकली आहे.